मवालीपणे

(क्रि.वि.) दांडगाईने, दुष्टाव्याने, जनाची लाज सोडून. मूळ नाम 'मवाली': गुंड, उनाड, रिकामटेकडा. बोलण्यात हे रूप क्वचितच येते. तिथे 'मवाल्यासारखं' नाहीतर 'मवालीगिरी करून'.

व्युत्पत्ती : अरबी 'मवाली' हे 'मौला'चे अनेकवचन. उमय्या खिलाफतीत (इ.स. 661–750) अरब टोळ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या अरबेतर मुसलमानांना ते लावीत. मराठी शब्दाचे मूळ बहुधा इथेच दाखवतात. आश्रिताचा गुंड कसा झाला, यावर एकमत नाही.

मावळाशी संबंध : मावळ्यांना हिणवण्यासाठी 'मवाली' निघाला, अशी समजूत ऐकू येते. तिला उच्चारांची साथ नाही. लोणावळ्याजवळ, एकविरेच्या देवळाशेजारच्या कार्ले लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख आहेत. वलूरक येथील, म्हणजे याच डोंगरावरील, भिक्षूंना गाव दिल्याच्या लेखात 'मामालाहार' हा प्रांत येतो. आहार म्हणजे कारभाराचा विभाग. अभ्यासक हाच आजचा मावळ मानतात. ग्रामचे गाव, नामचे नाव, तसे 'मामाल'मधल्या दुसऱ्या 'म'चा 'व' झाला आणि स्वरांमधल्या 'ल'चा 'ळ'. अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत मात्र 'ल' टिकतो (दलाल, कमाल, खुशाली), आणि 'मवाली'त तो टिकला आहे. 'मावळ' म्हणजे मावळतीकडचा मुलूख, हा अर्थही लोकप्रिय आहे. पण शिलालेखातील रूप पाहता तो मागाहून जोडलेला दिसतो. सध्याच्या मावळ तालुक्यात (मुख्य ठाणे वडगाव) पवन, नाणे आणि आंदर मावळ येतात. शिवकाळातील बारा मावळ याहून बरेच दक्षिणेपर्यंत पसरले होते. त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

इंग्रजी : जवळचा शब्द 'व्हिलनसली'. लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, 'व्हिलानुस' म्हणजे तिथला राबता माणूस. फ्रेंचमार्गे हा शब्द इ.स. 1300च्या सुमारास इंग्रजीत गेला तेव्हाच त्याला हलकटपणाचा वास लागला होता. मावळ्याबद्दल जे नुसते सांगितले जाते, ते तिथल्या खेडुताच्या बाबतीत खरोखर घडले.

चित्रपट : 'मवाली' (हिंदी, 1983).

पाहा : गुंड, पुंड. 'मवाळ' हा 'मऊ'वरून आलेला, वेगळा.