भट्टीत दगड हलका का होतो?

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यात राजूर हे गाव आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या या दोन गोष्टींमुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेर गेले. या गावातल्या मुलांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. भट्टीत दगड आणि कोळसा जातो, आणि बाहेर येते ती पांढरी चुनकळी. तिच्यावर पाणी पडले की ती फसफसते, तापते, तिच्या वाफा निघतात.

पुढे हीच मुले विज्ञानाच्या तासाला एक वाक्य पाठ करतात : 'उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याची निवळी दुधाळ होते.' भट्टी एका जागी राहते, वाक्य दुसऱ्या जागी. वास्तविक ही दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, आणि ती जोडण्याची किल्ली राजूरच्या कोणत्याही भट्टीवाल्याला ठाऊक असलेल्या एका साध्या बाबीत आहे. भट्टीत घातलेल्या दगडापेक्षा बाहेर निघालेला चुना पुष्कळच हलका भरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर छप्पन्न किलो चुनकळी मिळते. उरलेले चव्वेचाळीस किलो कुठे गेले?

हा प्रश्न ज्याने तराजू घेऊन सोडवला, त्याची गोष्ट या लेखात सांगायची आहे. तिची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. ती होते मूतखड्याच्या औषधात.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मूत्राशयातल्या खड्यांनी माणसे हैराण होती. भूल देण्याची सोय नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या नावानेच रोगी गर्भगळीत होई. अशा वेळी जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंनी पोटात घेण्याचे औषध आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. मोठमोठ्या लोकांचा त्यावर इतका विश्वास बसला की १७३९ साली ब्रिटिश पार्लमेंटने पाच हजार पौंड देऊन त्या औषधाची कृती विकत घेतली. कृती काय निघाली? भाजलेली अंड्यांची टरफले, भाजलेल्या गोगलगायी, साबण, मध आणि काही वनस्पती! या औषधाचे मोठे पुरस्कर्ते डेव्हिड हार्टली हे स्वतः खड्याचे रोगी. त्यांनी आयुष्यात सुमारे दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलो साबण पोटात घातला असे म्हणतात. तरी १७५७ साली ते वारले तेव्हा दुखणे होतेच.

औषध फसवे होते, पण त्यातला एक घटक विचार करण्याजोगा होता. अंड्याचे टरफल, गोगलगायीचा शंख, कालवाचा शिंपला आणि चुनखडक हे दिसायला किती निराळे! पण भाजले की सर्वांचा चुनाच होतो. कोंबडीच्या टरफलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आणि राजूरचा दगड हे मुळात एकच द्रव्य : कॅल्शियम कार्बोनेट. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतात तो याचसाठी. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची जुनी रीत होती, तर देशावर चुनखडी भाजत. अनेक किल्ल्यांवर दिसणारा चुन्याचा घाणा, म्हणजे बैलाने गोल फिरवायचे ते दगडी चाक, अशाच चुन्याचा गारा मळण्यासाठी होता.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते शिक्षकांना उपयोगी पडेल. 'चुनखडक शंख-शिंपल्यांपासून बनतो' असे आपण वर्गात सांगतो. जगातल्या बऱ्याच चुनखडकांबाबत ते खरे आहे. वणी परिसरातला चुनखडक मात्र 'पैनगंगा समूह' या अतिप्राचीन खडकांतला आहे, आणि हे खडक पृथ्वीवर शंख-शिंपले धारण करणारे प्राणी अवतरण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. तेव्हाच्या समुद्रात सूक्ष्मजीवांचे राज्य होते. म्हणून राजूरच्या मुलांनी या दगडात शिंपले शोधले आणि ते सापडले नाहीत, तर मुले चुकली असे समजू नये. त्या मानाने शेजारचा कोळसा अलीकडचा. तो पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या वनस्पतींचा आहे. एवढ्या वेगळ्या काळांतले दोन पदार्थ एकमेकांजवळ सापडावेत, म्हणजे भट्टीवाल्याचे नशीबच म्हणायचे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. चुन्याची निवळी खड्यावर औषध म्हणून दिली जाऊ लागली आणि एडिंबरोत दोन प्राध्यापकांचे भांडण जुंपले. रॉबर्ट व्हिट म्हणत, शिंपल्यांच्या चुन्याची निवळी श्रेष्ठ. चार्ल्स आल्स्टन म्हणत, दगडाच्या चुन्याचीही तितकीच चांगली. याच सुमारास जोसेफ ब्लॅक हा वैद्यकाचा विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत होता. त्याने शहाणपणा केला. दोन गुरूंच्या भांडणात न पडता त्याने चुन्याऐवजी मॅग्नेशिया या चुन्याच्या भावंडावर काम केले. १७५४ साली त्याला पदवी मिळाली, आणि १७५६ साली चुन्यावरच्या प्रयोगांसह त्याचा मोठा निबंध छापून आला.

त्या वेळचा समज असा होता : दगड सौम्य असतो आणि चुनकळी दाहक असते, कारण भट्टीतला अग्नी दगडात शिरतो. पाणी घातले की तो अग्नी बाहेर पडतो, म्हणूनच चुना तापतो. हा समज मुळीच वेडगळ नव्हता. भट्टीजवळ वाढलेल्या मुलाला विचारून पाहा, ते बहुधा असेच काही सांगेल, आणि त्याच्या उत्तराला हसू नये. डोळ्यांना जे दिसते त्यावरून निघणारा तो सरळ निष्कर्ष आहे.

ब्लॅकने डोळ्यांच्या जोडीला तराजू आणला. त्याने खडू, म्हणजे नैसर्गिक चुनखडकाचा मऊ प्रकार, १२० ग्रेन वजनाचा घेतला. (ग्रेन हे जुने वजन, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) तो पूर्ण भाजल्यावर चुनकळी भरली ६८ ग्रेन. अग्नी आत शिरला असता तर वजन वाढायला हवे होते, निदान कमी व्हायला नको होते. येथे ते जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे काहीतरी बाहेर गेले. मग त्याने ती चुनकळी सौम्य अल्कलीच्या द्रावणात टाकली. हा अल्कली आपल्या धुण्याच्या सोड्याच्या जातीचा. थोड्या वेळाने भुकटी धुऊन, वाळवून तोलली तर ११८ ग्रेन! गेलेले जवळजवळ सगळे परत आले होते, आणि भुकटीचा दाहकपणा जाऊन पुन्हा सौम्य खडू झाला होता.

१२०, ६८, ११८ या तीन आकड्यांपुढे आम्हांला आजही मान लववावीशी वाटते. आजच्या हिशोबाने १२० ग्रेनांतून ६७.२ ग्रेन चुनकळी मिळायला हवी. ब्लॅकची चूक एका ग्रेनाहूनही कमी होती, आणि तीही कार्बन, ऑक्सिजन, अणुभार यांतले काहीच ठाऊक नसताना. त्याच्या हाती होता फक्त एक विचार : चुना दाहक होतो तो काही मिळाल्यामुळे नव्हे, तर काही गमावल्यामुळे. जे गमावले ती एक 'हवा' होती. घन पदार्थांतून हवा निघते हे स्टीफन हेल्सने १७२७ सालीच दाखवले होते, आणि हेच हेल्स स्टीफन्सबाईंच्या औषधाची तपासणी करणाऱ्यांतही होते. दगडात जणू जखडून बसलेली म्हणून ब्लॅकने तिला 'स्थिर हवा' म्हटले.

मग या हवेची ओळख पटवायचे साधन ठरली तीच औषधाची निवळी. स्थिर हवा निवळीत सोडली की विरघळलेल्या चुन्याचा पुन्हा खडू होतो आणि पाणी दुधाळ दिसते. १७५७ साली ब्लॅकने आंबणाऱ्या रसातून निघणारी हवा, जळत्या कोळशावरची हवा आणि शेवटी नळीतून फुंकलेला स्वतःचा श्वास, असे एकेक करून तपासले. तिन्हींत तीच हवा निघाली. आपल्या पुस्तकातल्या वाक्याचा जन्म हा असा आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७८३ सालच्या सुमारास लव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले, आणि तितकीच 'स्थिर हवा' देणाऱ्या जळत्या कोळशाच्या उष्णतेशी ते ताडून पाहिले. आकडे अगदी जुळले नाहीत, पण श्वसन हे एक संथ ज्वलन आहे ही कल्पना पक्की झाली. १८६०-६१च्या नाताळात मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. निवळी कशी करायची हेही त्याने मुलांना सांगितले, आणि शेवटच्या व्याख्यानात तिच्यात श्वास फुंकून मेणबत्ती व माणूस यांचे नाते दाखवले. पाठ्यपुस्तकांतून जगभर गेलेला प्रयोग तो हाच. मात्र वाटेत एक गोष्ट गळून पडली. फॅरेडेच्या मुलांना निवळी कशाची बनते हे कळले होते. आपल्या मुलांपुढे ती 'चुन्याची निवळी' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतून येते.

हे टाळता येते. १९७२ साली मध्यप्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षणाच्या उपक्रमाने ते वर्षानुवर्षे करून दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काही वैज्ञानिकही त्यात होते. परिसरातल्या वस्तू घ्यायच्या, मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, उत्तर आधी सांगायचे नाही, ही त्याची रीत. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला, हे दुर्दैव.

राजूरच्या किंवा कोणत्याही गावच्या शिक्षकाने निवळी अशी करावी. पानाच्या टपरीवरचा विरलेला चुना हरभऱ्याएवढा घ्यावा, तो लिटरभर गार पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवावा आणि सकाळी वरचे नितळ पाणी काढून घ्यावे. गार पाणी मुद्दाम म्हटले आहे. साखर-मिठाच्या उलट चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. बाटली झाकून ठेवावी, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभागावर साय धरते. ती साय मुलांना अवश्य दाखवावी. भिंतीला दिलेली सफेदी दिवसेंदिवस घट्ट होते ती याच कारणाने : भट्टीत गमावलेला वायू चुना हवेतून हळूहळू परत घेतो आणि भिंतीवर पुन्हा दगड होतो.

श्वास फुंकताना दोन गोष्टी पाहाव्यात. निवळी दुधाळ झाल्यावरही फुंकत राहिले तर ती पुन्हा नितळ होऊ लागते, कारण खडूचा विद्राव्य बायकार्बोनेट बनतो. ते पाणी उकळले की गढूळपणा परत येतो. जड पाण्याच्या गावांत भांड्यांच्या तळाशी पांढरा थर बसतो तो हाच. दुसरे असे, की 'आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो' हे वाक्य अर्धवट आहे. उच्छ्वासातही सोळा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतोच. कार्बन डायऑक्साइड असतो चार टक्के. म्हणून एका बाटलीतून बाहेरची हवा आणि दुसरीतून उच्छ्वास जाईल अशी जोडणी करून तुलना केल्याशिवाय हा प्रयोग पुरा होत नाही. सलाईनची जुनी नळी चालते, पण सुई काढलेली आणि उकळून घेतलेली असावी. नळीतून फुंकायचे, ओढायचे नाही. निवळी तोंडात गेली तर चूळ भरावी.

चुनकळी मात्र मुलांच्या हाती देऊ नये, आणि विरलेल्या चुन्याच्या पुड्याही खेळायला देऊ नयेत. पुडी दाबली की फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो; अशा अपघातांत मुलांची दृष्टी गेलेली आहे. आम्लापेक्षा अल्कली डोळ्यांत खोलवर शिरतो. चुना उडालाच तर तूप, दूध काही न घालता ताबडतोब स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून निदान वीस-तीस मिनिटे धुवावा, पापणीखालचे कण निघाले का ते पाहावे, आणि मग लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आधी धुणे, मग दवाखाना. भट्टीच्या उबेला झोपू नये, हेही मुलांना सांगावे. युरोपात भट्टीशेजारी रात्र काढणारे वाटसरू सकाळी मेलेले आढळत, कारण भट्टीतून कार्बन डायऑक्साइड आणि त्याहून घातक कार्बन मोनॉक्साइड निघतो. 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा' असा सल्ला हल्ली मोबाइलवरून फिरतो. त्या मुलांना स्टीफन्सबाईंची आणि हार्टलीच्या साबणाची गोष्ट सांगावी.

ब्लॅकचे तोलणे वर्गात करायचे तर भट्टी नको, व्हिनेगर पुरे. धुऊन वाळवून आतली पातळ त्वचा काढलेल्या टरफलांची पाच ग्रॅम बारीक भुकटी करावी. वाडग्यात दोनशे मिलिलिटर व्हिनेगर घेऊन ते भुकटीसह स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावे आणि मग भुकटी त्यात थोडी थोडी टाकावी. फेस उतू जाऊ देऊ नये. काही तासांनी पुन्हा तोलावे. सुमारे दोन ग्रॅम घट दिसेल. पण थांबा, एवढ्या वेळात थोडे व्हिनेगर नुसते उडूनही गेले असणार. म्हणून शेजारी तेवढेच व्हिनेगर घातलेले, भुकटी न टाकलेले दुसरे वाडगे ठेवावे, आणि त्याची घट पहिल्याच्या घटीतून वजा करावी. हे दुसरे वाडगे कशाला, ते मुलांना आधी सांगू नये.