हापूस, कोय आणि करार

पूर्वी पायलीचे माप गावोगावी वेगळे असे. त्यामुळे धान्याचा भाव ठरण्याआधी कोणाची पायली धरायची हे ठरवावे लागे. देशादेशांतील व्यापारातही हाच प्रश्न येतो. मात्र तेथे पायलीऐवजी कीटक, रसायने आणि दाखले मोजावे लागतात.

आपल्या आंब्याचेच पाहू. १९८९ पासून अमेरिकेची बाजारपेठ त्याला बंद होती. दोष चवीत नव्हता. फळाबरोबर फळमाशी आणि कोयीतील सोंडकिडा आपल्या बागांत शिरेल, ही त्या देशाची भीती होती आणि ती निराधार नव्हती.

फळमाशी सालीखाली अंडी घालते. तेथपर्यंत वाफेची उष्णता पोचते. बाष्पोपचार केलेला आपला आंबा जपानने २००६ मध्ये स्वीकारला तो यामुळेच. सोंडकिड्याची अळी मात्र कोयीत राहते. तिला मारण्याइतकी उष्णता आत पोचेपर्यंत गर शिजून जाईल! गॅमा किरण कोयीच्याही आरपार जातात. ४०० ग्रे मात्रेने कीड लगेच मरतेच असे नाही, पण तिची वाढ किंवा प्रजनन थांबते. आंबा स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

असे किरण देणारे केंद्र भाभा अणु संशोधन केंद्राने लासलगावला उभारले होते. ते २००२ मध्ये सुरू झाले, ते प्रामुख्याने कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. म्हणजे तंत्र हाताशी होते. तरी दार उघडायला पाच वर्षे लागली. का?

आम्हा संशोधकांना वाटते, प्रयोग यशस्वी झाला की काम संपले. व्यापारात तेथून काम सुरू होते. किती मात्रा पुरेशी, ती कोणी मोजायची, दाखला कोणाचा, यावर दोन्ही बाजूंची संमती लागते. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या कराराने अशा निर्बंधांना शास्त्रीय आधाराची अट घातली. २००३ मध्ये वनस्पती संरक्षणासाठी विकिरणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली. २००६ मध्ये अमेरिकेने बहुतेक कीटकांसाठी ४०० ग्रे ही एकच मात्रा मान्य केली. प्रत्येक किडीसाठी वेगळा पुरावा देण्याची गरज उरली नाही. एप्रिल २००७ मध्ये लासलगावहून आंबा अमेरिकेला गेला.

२०१९-२० मध्ये ही निर्यात १,०९५ टन होती. पुढे कोविडच्या साथीत अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि ती थांबली. किरण तेच, आंबाही तोच. फक्त साक्षीदार नव्हता. नवा समझोता होऊन २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि २०२३ च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये २,०४३ टनांवर गेली.

देशाच्या सुमारे दोन कोटी टन उत्पादनापुढे हा आकडा चिमूटभरच आहे. शिवाय उपचार, तपासणी आणि विमानभाडे यांचा खर्च लहान बागायतदाराला एकट्याने पेलत नाही. समान मानक दार उघडते; त्या दारापर्यंत शेतकऱ्याला नेण्याची सोय आपल्यालाच करावी लागते.