भुलाभाईंचा बंगला आणि कलावंतांची बिऱ्हाडे

मुंबईत महालक्ष्मीच्या देवळाकडून ब्रीच कँडीच्या बाजूस समुद्राच्या कडेने जाणारा जो रस्ता साहेबाच्या अमदानीत वॉर्डन रोड म्हणून ओळखला जात असे, त्यास आज भुलाभाई देसाई यांचे नाव आहे. परंतु पन्नास-साठच्या दशकांतील चित्रकारांच्या अथवा नाटकवाल्यांच्या बोलण्यात 'भुलाभाई' हा शब्द आला, म्हणजे तो बहुधा त्या थोर कायदेपंडितास उद्देशून नसून त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या एका वास्तूस उद्देशून असे. आपल्याकडे चित्रकलेचा इतिहास वेगळा लिहिला जातो आणि रंगभूमीचा वेगळा. दोहोंतही या वास्तूचा उल्लेख येतो, पण तो येता-जाता येतो. माझ्या मते मुंबईतील या दोन्ही कलांच्या आधुनिक कालखंडाचा विचार या एका बंगल्यापासून केला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

कलावंताला काम करण्यास जागा देणे ही आपल्याकडे अपूर्व गोष्ट नव्हे. जुन्या शहरांच्या रचनेतच ती होती. सावंतवाडीची चितारआळी घ्या किंवा पुण्याची तांबटआळी घ्या. एका धंद्याची माणसे एका आळीत राहत, एकाच्या ओसरीवर चाललेले काम दुसरा जाता-येता पाही, आणि विद्या शाळेवाचून वाढे. दरबारचा आश्रय याहून निराळा. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली, आणि गंगाराम तांबट या कारागिराने तिथे पाश्चात्त्य पद्धतीचे रेखन आत्मसात करून वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. परंतु दरबारच्या आश्रयात हुकूम असतो, फर्माईश असते, आणि राज्य गेले की आश्रयही जातो.

मुंबईसारख्या नव्या शहरात आळीही नव्हती आणि दरबारही नव्हता. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून दरसाल विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडत, आणि बाहेर पडताच त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राही तो जागेचा. चाळीतल्या एका खोलीत जिथे आठ माणसांची पथारी पडते, तिथे सहा फुटी कॅनव्हास उभा कुठे करणार? पुढे ज्यांची गणना देशातील अग्रगण्य चित्रकारांत झाली, ते वासुदेव गायतोंडे गिरगावातील चाळीत वाढले; मकबूल फिदा हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवून उदरनिर्वाह केला; आणि के. एच. आरा यांनी तर घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करीत आपली चित्रे काढली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा त्यातील सहा सभासदांपाशी मते होती, जिद्द होती. नव्हती ती जागा. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली आणि तयार चित्रे लोकांपुढे मांडण्यास भिंत मिळाली. पण चित्र मांडण्याची जागा निराळी आणि चित्र काढण्याची निराळी.

ही उणीव ज्या घराने भरून काढली, त्याचे मूळ मालक वकिलीच्या पेशातले होते. भुलाभाई देसाई यांचा जन्म १८७७ साली बलसाडचा. मुंबई हायकोर्टातील त्यांचा लौकिक मोठा होता, आणि तो त्यांनी देशकार्यास लावला. बारडोलीच्या शेतकऱ्यांची बाजू सारावाढीच्या चौकशीत त्यांनी मांडली. आणि आयुष्याच्या अखेरीस, प्रकृती पार खालावली असताना, आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांचे वकीलपत्र घेऊन लाल किल्ल्यातील लष्करी न्यायासनापुढे परतंत्र प्रजेच्या बंड करण्याच्या हक्काचे असे समर्थन केले, की ते आजही वाचावे. मे १९४६ मध्ये ते निवर्तले. स्वातंत्र्यानंतर त्यांचे पुत्र धीरूभाई स्वित्झर्लंडमध्ये भारताचे राजदूत झाले; १९५१ साली तेही गेले. मागे राहिल्या त्या स्नुषा माधुरीबेन देसाई. समुद्रालगतच्या त्या प्रशस्त मालमत्तेचे काय करावे, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी दिले ते देण्यास कर्तबगारीइतकेच मनाचे औदार्य लागते. सोली बाटलीवाला या स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्याच्या साहाय्याने त्यांनी भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट ही संस्था उभारली, आणि कलावंतांना त्या आवारात नाममात्र भाड्याने काम करू दिले.

इन्स्टिट्यूट या नावाने वाचकाची फसगत होऊ नये. इथे अभ्यासक्रम नव्हता, हजेरीपट नव्हता. निरनिराळ्या कलांची ती निरनिराळी बिऱ्हाडे होती, आणि तीही राहण्याची नव्हेत, कामाची. हुसेन आणि गायतोंडे यांनी इथे चित्रे काढली. गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी, ज्या पुढे प्रफुल्ला डहाणूकर म्हणून सर्वपरिचित झाल्या, त्यांनी जे. जे.मधून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्यावर १९५६च्या सुमारास इथेच आपले काम मांडले. पिलू पोचखानवाला यांची शिल्पे इथे घडली. १९५९ साली बाल छाबडा यांनी याच वास्तूत 'गॅलरी ५९' हे प्रदर्शनदालन उघडले, आणि नसरीन मोहमदी यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९६१ साली तिथेच भरले. पंडित रविशंकर यांनी १९६२ साली मुंबईत काढलेल्या 'किन्नर' या संगीतशाळेचे वर्गही याच छताखाली चालत. ज्या काळी चित्रकाराला गवयाचे तोंडओळखीपलीकडे काही ठाऊक नसे आणि नटाला चित्रातले काही कळत नसे, त्या काळात ही माणसे एका जिन्यावर एकमेकांना भेटत होती.

त्यांपैकी गायतोंडे यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मूळचा हा माणूस लघुचित्रांच्या शैलीत आकृती काढणारा. परंतु पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या चित्रांतून आकृती हळूहळू विरत गेली आणि रंग, प्रकाश व अवकाश एवढेच उरले. त्यांची पुढील काळातील काम करण्याची रीत सांगण्याजोगी आहे. तैलरंग पातळ करून तो कुंचल्याऐवजी रोलरने कॅनव्हासवर पसरावयाचा, पॅलेट नाइफने तो खरवडावयाचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलावयाचे, म्हणजे खालचा थर वरच्या थरातून पाण्यात बुडालेल्या वस्तूसारखा दिसू लागतो. आणि मग थांबावयाचे. या थांबण्यातच त्यांच्या कलेचा मोठा भाग होता. वर्षाकाठी पाच-सहा चित्रेच त्यांच्या हातून पुरी होत, कारण उरलेला वेळ ते कोऱ्या कॅनव्हासपुढे स्वस्थ बसून घालवीत. आता विचार करावा की, अशा चित्रकाराला कोणता मालक पोसेल? कोणती कचेरी त्याच्याकडून तिमाही अहवाल मागणार नाही? जिथे भाड्याचा तगादा नाही आणि कामाचा हिशेब कोणी विचारीत नाही, अशा जागेवाचून असली चित्रकला संभवत नाही, असे माझे मत आहे. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, त्याआधीच त्यांची वाट त्यांना सापडलेली होती.

मराठी वाचकाला या वास्तूचे ऋण अधिक जवळचे वाटावे ते नाटकामुळे. इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे. घरची भाषा अरबी, पण मराठीही त्यांना उत्तम येई. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी 'थिएटर युनिट' काढले आणि भुलाभाईंच्या वास्तूत नाट्यशिक्षणाचे वर्ग चालविले. नाटक म्हणजे पाठांतर आणि टाळ्या घेणारी वाक्ये एवढेच नव्हे. प्रकाश, रेषा, देहाची ठेवण, रंगमंचाच्या कोपऱ्यातील एका वस्तूची जागा, या सर्वांचा विचार म्हणजे नाटक, ही शिकवण त्यांची. त्यांच्या तालमीतून गेलेल्या विजया मेहता यांनी १९६० साली 'रंगायन' स्थापन केली, आणि मोठी नाट्यगृहे व ठेकेदारांचे करार बाजूस सारून या संस्थेने मोजक्या सभासदांपुढे भुलाभाईंच्या लहानशा रंगमंचावर प्रयोग केले. अल्काझी १९६२ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रे घेऊन दिल्लीस गेले, तेव्हा 'थिएटर युनिट'ची धुरा सत्यदेव दुबे यांनी उचलली. विजय तेंडुलकर हे 'रंगायन'चे लेखक, आणि अरविंद व सुलभा देशपांडे हे तिचे कलावंत. आयोनेस्कोच्या ज्या नाटकात दोन वृद्ध माणसे न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी एकामागून एक खुर्च्या आणून मांडतात आणि अखेर रंगमंच रिकाम्या खुर्च्यांनी भरून जातो, ते 'खुर्च्या' मराठीत आणण्याचे धाडस याच मंडळींनी केले. हजार प्रेक्षकांच्या थिएटरात रिकाम्या खुर्चीवरचा पाहुणा कोणास दिसणार? तो दिसावयास प्रेक्षकाला नटाचा श्वास ऐकू आला पाहिजे. लहान जागेने नटाचा आवाज खाली आणला, हातवारे कमी केले, आणि नाटककाराला अर्धवट राहिलेल्या वाक्याचे सामर्थ्य कळले. तेंडुलकरांच्या संवादांतील त्या टिंबटिंबांना त्या लहानशा रंगमंचाने कान दिला, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

अलीकडे पुष्कळ शहरांत कलावंतांस काही महिन्यांसाठी मोहल्ल्यात आणून बसविण्याच्या योजना निघाल्या आहेत, आणि त्या निघाल्या हे चांगलेच झाले. पण त्यांचे अर्ज, मुदती, अटी, अखेरीस द्यावयाचे सादरीकरण पाहिले, म्हणजे माधुरीबेनच्या व्यवस्थेतील साधेपणा किती दुर्मीळ होता हे ध्यानात येते. त्यांनी जागा दिली आणि त्या बाजूला झाल्या.

ती वास्तू आज नाही. जुना बंगला पाडला गेला आणि त्या रस्त्यावर उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. नाटकवाल्यांनी आपले चंबूगबाळे उचलून ताडदेवच्या वालचंद टेरेसला नेले. 'रंगायन'मधून बाहेर पडलेल्यांनी १९७१ साली 'आविष्कार' काढली, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू झाले. छबिलदासच्या चळवळीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचे आजोळ मात्र वॉर्डन रोडला होते. चित्रकार पांगले. गायतोंडे १९७२च्या सुमारास दिल्लीस गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

गिरगावात, दादरला, पार्ल्यात अशी घरे अजून आहेत, जिथे 'रंगायन'चे सभासद राहत होते. त्यांच्या कपाटांत प्रयोगाची निमंत्रणपत्रिका, सभासदत्वाची पावती, गॅलरीतल्या प्रदर्शनाचे चार पानी पुस्तक असे काही कागद निश्चित पडून असतील. घर आवरताना ते रद्दीत घालू नका. मागे तारीख लिहा, ते घरी आणणाऱ्या माणसाचे नाव लिहा, आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या हवाली करा.