शुद्धिपत्र

जुन्या पुस्तकाच्या शेवटी 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' अशा दोन रकान्यांचे पान असते, ते शुद्धिपत्र. जालन्यात भाच्यासाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय' या प्रश्नापाशी मला आठवले, की हा शब्द मुळात माणसावरचा डाग धुणाऱ्या कागदाचा आहे.

स्मृतिकार कात्यायनाच्या नावावरच्या वचनांत 'विशुद्धिपत्र' येते. ते कोणाला? आळातून जो सुटला त्याला, आणि ज्याने प्रायश्चित्त पुरे केले त्याला. वर साक्षीदार हवेत. मराठेशाहीतही प्रायश्चित्त घेतले की गोत माणसाला पंक्तीत घेई.

सगळ्यांत गाजलेले पत्र मात्र पैठणचे. १९८१ च्या १ मे पर्यंत जालना पैठणच्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता, म्हणून ते मला घरचेच वाटते. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात आले आणि डाग बसला तो चार लेकरांवर. परंपरा सांगते, की शके १२०९ मध्ये बोपदेव पंडिताने त्या मुलांना शुद्धिपत्र लिहून दिले. त्या मजकुराच्या अस्सलपणावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मला त्याहून मोठा प्रश्न पडतो: मुलांनी काही केलेच नव्हते, तर शुद्धी कशाची? संन्याशाच्या मुलांना शास्त्रात प्रायश्चित्तच नाही, असेही त्याच कथेत येते. म्हणजे कात्यायनाच्या दोन्ही दारांबाहेरची ही मुले, आणि तरी पत्र त्यांनाच मागावे लागले.

छापखान्याचा शब्द या पत्रावरून आला नाही, तो लेखनशुद्धीतून स्वतंत्रपणे घडला, असे कोणी म्हणेल. मला पटत नाही. नुसती चूकच सुधारायची तर 'दुरुस्तीपत्र' पुरले असते. पानातली चूक पानातच राहते आणि मागे जोडलेला कागद ती आता धरू नका म्हणून सांगतो. प्रायश्चित्त घेतलेल्याचेही हेच होई.

कायद्याने दारे बदलली. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. ते ओझे १९५२ मध्ये उतरले. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम १२ सांगते, की ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ तर अपिलाची मुदत सरल्यावर बालकाची कागदपत्रे नष्टच करायला लावते. सोळा वर्षांवरील मुलाला घोर गुन्ह्यात प्रौढ धरून दोषी ठरवले असेल, तर ही सवलत नाही.

तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या प्रौढासाठी ब्रिटनने १९७४ मध्ये कायदा केला. ठरावीक वर्षे निर्दोष गेली, की बऱ्याच शिक्षा सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. कात्यायनाचे दुसरे दार अशाच माणसासाठी होते, आणि भाच्याच्या अर्जातल्या त्या प्रश्नाला अशा माणसाला आजही 'होय' लिहावे लागते.