नव्या हिमाचा उत्सव

गुलमर्गच्या हिवाळी खेळांचा इतिहास १९२७ सालापासून सांगण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी ब्रिटिशांनी तेथे स्की-क्लब स्थापन केला आणि नाताळ व ईस्टर अशा दोन वार्षिक मेळाव्यांची प्रथा पाडली. ही नोंद खरी आहे. तथापि हिमावरचा आनंद काश्मीरला साहेबाने शिकविला, असा जो अर्थ तिच्यातून नकळत काढला जातो, तो आम्हांस मान्य नाही.

कल्हणाने राजतरंगिणीसाठी ज्या जुन्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांत नीलमतपुराण हे एक. त्यातील कथेप्रमाणे काश्मीरची भूमी प्रथम वर्षातील सहा महिनेच माणसांची होती. उरलेले सहा महिने तेथे पिशाचांचे राज्य असे, आणि हिम पडू लागले की माणसे खोरे सोडून जात. पुढे नीलनागाच्या कृपेने माणसांना बारमाही वास्तव्याची मोकळीक मिळाली. मात्र त्याने सांगितलेली व्रते व उत्सव पाळण्याची अट होती. या उत्सवांत एक आहे नव्या हिमाचा. वर्षातील पहिले हिम पडले म्हणजे हिमालयाची आणि हेमंत-शिशिरांची पूजा करावी, उबदार वस्त्रे ल्यावीत, आणि मित्र-आप्तांसह हिमावर बसून गीत, नृत्य व (ज्यांना चालते त्यांनी) नवे मद्य यांचा आस्वाद घ्यावा, असे तेथे विधान आहे. एकट्याने करावयाचे हे व्रत नव्हे, सोबती हवेतच. पहिल्या हिमाला एकमेकांस ‘नव शीन मुबारक’ म्हणण्याची काश्मिरी चाल आजही आहे. शीन म्हणजे हिम.

आपल्या भाषेची येथे थोडी अडचण होते. बर्फ हा शब्द आपण फारसीतून घेतला. फारसीत त्याचा अर्थ आकाशातून पडणारे हिम. आपण मात्र त्या शब्दाने कारखान्यातली लादी, सरबतातला खडा आणि हिमालयाचे शिखर ही सारी एकाच पोत्यात भरली. ज्या हिमाविषयी हा लेख आहे, ते खड्यासारखे नसून पिठासारखे असते. थंड, कोरड्या हवेत पडलेल्या या हिमात बहुतांश हवाच भरलेली असते; पाणी एक घनमीटर भरले तर हजार किलो, हे हिम मात्र कधी कधी पन्नास ते शंभर किलोच भरते. मुठीत दाबले तरी त्याचा गोळा होत नाही. उन्हाचा एक तडाखा किंवा वाऱ्याची एक रात्र पुरते, आणि त्याचे हे पीठपण जाते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ पीर पंजालच्या रांगेवर आदळतात व गुलमर्गच्या माथ्यावरील अफरवटच्या उतारांवर हे पीठ चाळून जातात.

असे असूनही गुलमर्गचा लिखित इतिहास जवळजवळ सारा उन्हाळ्याचा आहे. मर्ग म्हणजे कुरण. ते मुळात मेंढपाळांचे. सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने त्याला गुलमर्ग हे नाव दिले, जहांगीर तेथील फुलांवर लुब्ध झाला, आणि पुढे साहेबांनी तेथे चर्च व गोल्फचे मैदान उभारले. २१ डिसेंबरला चिल्लई कलानचे चाळीस दिवस सुरू झाले की कुरण ओस पडे. १८७२ साली महाराजा रणबीर सिंहांनी हिवाळ्यापुरता दरबार जम्मूस हलविण्याची प्रथा घातली. तीत आम्हांस नीलमतातील त्या सहामाही स्थलांतराचीच छाया दिसते. दप्तरांच्या पेट्या बांधून त्या वाटेने गेलेल्या कारकुनांना पिशाचांची कथा ठाऊक असो वा नसो! खोऱ्यातील सामान्य माणूस मात्र फेरनखाली कांगडी धरून आणि पायांत गवताच्या पुलहोर घालून तेथेच राहिला.

म्हणून क्लबाने आणली ती फळी. आनंद तेथे होताच. फळीचा उपकार आम्ही नाकारीत नाही. हिवाळा हा सोसण्याचाच नव्हे, मुद्दाम येण्याचाही ऋतू होऊ शकतो, हे तिने दाखविले. परंतु त्या काळी एका उतरणीची किंमत एका चढणीने मोजावी लागे. फळीच्या तळाला कातडी पट्टे बांधून सकाळभर खिलनमर्गच्या दिशेने चढावे आणि काही मिनिटांत खाली यावे, असा तो हिशेब. साहजिकच दिवसात एक-दोनच फेऱ्या होत आणि डोंगरावरचे पीठ आठवडाभर पुरे.

१९४७ च्या उत्पातानंतर क्लबाची ती दुनिया सरली. १९४८ साली जनरल थिमय्यांच्या १९ व्या डिव्हिजनने गुलमर्गला स्की-शाळा काढली. हिमाच्छादित सीमा राखावयाची तर सैनिकाला हिमावर चालता-घसरता आले पाहिजे, ही निकड तिच्यामागे होती. आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ती हीच.

खरी क्रांती केली ती तारेने. गोंडोलाचे काम १९८० नंतरच्या दशकात सुरू झाले, अशांततेच्या काळात रखडले, आणि १९९८ साली कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा खुला झाला. २००५ साली दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचला. गुलमर्गची उंची २,६५० मीटर. म्हणजे जी चढण पूर्वी सारा दिवस खाई, ती आता काही मिनिटांची बाब झाली. जगभरचे शौकीन येऊ लागले. सोबत आली गर्दी.

गेल्या काही वर्षांत एका फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र तेथे होतो. रात्रभर हिम पडून पहाटे आकाश निवळले होते. तिकिटाच्या रांगेत भाड्याचे गमबूट घातलेली कुटुंबे, स्लेज ओढणाऱ्यांचे पुकारे, आणि खांद्यावर फळ्या घेतलेले परदेशी तरुण. वरचा टप्पा बंद होता. रक्षकदल स्फोटके टाकून सैल हिम मुद्दाम पाडीत होते. दर धमाक्याला रांग क्षणभर स्तब्ध होई. अकराच्या सुमारास दार उघडले आणि शहरातील लोकलच्या वेळी होते तशी झुंबड उडाली.

वर मात्र निराळाच प्रांत. आमच्या काश्मिरी वाटाड्याने चौघांच्या छातीवरील संदेश-यंत्रे तपासली आणि एकाच वेळी दोघांनी उतारावर जायचे नाही, असे बजावले. एकाने उतरावे, उरलेल्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. हिमाखाली गाडलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत निघाला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. इतक्या वेळात खालून मदत येत नाही. फावडे ज्याच्या पाठीवर आहे तो सोबतीच काय तो वाचवितो. नीलमतकारांनी मित्रांसह हिमावर जावे असे म्हटले ते आनंदासाठी, पण ते विधान येथे किती निराळ्या अर्थाने खरे ठरते!

गुडघाभर पिठात फळी बुडते, पुन्हा वर येते, आणि कसलाच आवाज होत नाही. वळणागणिक हिमाचा फवारा छातीवर येतो. पहिल्या दोन उतरणी अशा झाल्या. तिसऱ्या वेळी वर गेलो तो सारा उतार नांगरलेल्या शेतासारखा दिसत होता. दीडही वाजला नव्हता. वाटाड्याने आम्हांस मग झाडीतून बाबा रेशींच्या दर्ग्याकडे नेले. वाटेतील भूर्जांच्या सालीवर एके काळी काश्मीरच्या पोथ्या लिहिल्या जात. खाली नून चायचे पेले हाती आले तेव्हा आमच्यातील एकजण गर्दीवर चिडला होता. आम्हांस त्याची तक्रार पटली नाही. आम्हीही त्याच तारेने वर गेलो होतो.

या उतारांनी माणसेही घेतली आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला हिमस्खलनाखाली युद्धशाळेचे सतरा सैनिक गेले. २०२३ साली अफरवटवर दोन पोलिश, तर २०२४ साली एक रशियन. तारेने चढण काढून घेतली आणि चढताना हिमाची जी पारख होई, तीही तिच्याबरोबर गेली. ती पारख आता वाटाड्याजवळ आहे. ज्यांचे पूर्वज साहेबांचे सामान वाहत, त्या गावांतील मुले आज रक्षकदलात आहेत, शिक्षक आहेत. १९६४ साली हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला स्पर्धक म्हणून गेला तो पोलिश कुळातील जेरेमी बुजाकोव्स्की. २०२२ साली बीजिंगला गेलेला एकमेव भारतीय खेळाडू आरिफ खान हा गुलमर्गच्या पायथ्याशी वाढलेला, वडिलांचे तेथे स्की-सामानाचे दुकान.

मात्र या सगळ्यांचे पोट ज्यावर अवलंबून, ते हिमच आता वेळ पाळीनासे झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्गचे कुरण तपकिरी पडले होते. हिम आले ते महिनाअखेरीस. २०२५ साली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीपासून व्हावयाच्या होत्या. उतारांवर पुरेसे हिम नसल्याने त्या पुढे ढकलल्या आणि ९ मार्चपासून घेतल्या.