पटकथाकार कवि : ग. दि. माडगूळकर

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हीं तीन शहरें एकाच लोहमार्गावर वसलेलीं असून तिन्हींना स्वतःचें नाट्यगृह आहे. ठाण्यास मासुंदा तलावाकांठचें राम गणेश गडकरी रंगायतन, कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर. तिकिटाच्या रांगेंतील कोणाहि सुशिक्षित गृहस्थास विचारावें, तर गडकरी हे नाटककार, अत्रे हे वक्ते व संपादक आणि सावित्रीबाई ह्या स्त्रीशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक, असें उत्तर मिळेल. तें चुकीचें नाहीं. परंतु गडकरी हे ‘गोविंदाग्रज’ होते, अत्रे हे ‘केशवकुमार’ होते, आणि सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालींच प्रसिद्ध झाला होता. तिन्ही नाट्यगृहांवर कवींचींच नांवें आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

कवीच्या हातून दुसरें मोठें कार्य घडलें कीं त्याचें कवित्व झांकलें जातें, हा अनुभव नवा नाहीं. बोलपटाच्या बाबतींत मात्र त्याहून कांहीं अधिक घडतें. तेथें कवित्व नुसतें झांकलें जात नाहीं. त्याची प्रत उतरली असें समजलें जातें. नाटकासाठीं पदें करणारा कविच राहतो, बोलपटासाठीं गाणीं करणारा ‘गीतकार’ होतो, आणि पटकथा लिहिणाऱ्यासाठीं तर साहित्याच्या पंक्तींत पाटच मांडलेला नसतो. ग. दि. माडगूळकर ह्यांच्या कारकीर्दीकडे पाहिलें म्हणजे ही प्रतवारी किती फसवी आहे तें दिसून येतें. म्हणून त्या कारकीर्दीचा येथें थोडा विचार करावयाचा आमचा मानस आहे.

प्रथम परंपरा पाहूं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. माडगूळकरांचा जन्म त्याच वर्षीं १ ऑक्टोबरला शेटफळें येथें झाला. ह्या योगायोगास आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. परंतु दोघांमधला दुवा मात्र खरा आहे, आणि तो म्हणजे अत्रे. गडकऱ्यांना गुरु मानणाऱ्या अत्र्यांनीं विडंबनकाव्यानें आरंभ केला, नाटकें लिहिलीं आणि पुढें बोलपट लिहिले. त्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला, आणि १९५४ सालीं त्यांनीं ‘महात्मा फुले’ काढला. पण आम्हांला येथें हवा आहे तो १९३८ सालचा हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’. लेखन अत्र्यांचें, दिग्दर्शन मास्टर विनायकांचें. त्यांतील एका किरकोळ भूमिकेंत औंध संस्थानांत गरिबींत वाढलेला, मॅट्रिकची परीक्षा पार न करतांच कोल्हापुरास पोटासाठीं आलेला एक तरुण होता. तेच पुढचे ‘गदिमा’.

नटाचा धंदा त्यांना फारसा फळला नाहीं. वि. स. खांडेकरांचे लेखनिक, मग ‘नवयुग’मध्यें के. नारायण काळे ह्यांचे साहाय्यक, अशीं कामें त्यांनीं केलीं. आणि १९४२ सालीं ‘भक्त दामाजी’ व ‘पहिला पाळणा’ ह्या बोलपटांसाठीं गीतें लिहिलीं. विद्यापीठाचा उंबरठा न ओलांडलेल्या ह्या कवीचें विद्यापीठ म्हणजे हा स्टुडिओच. दुसऱ्याचें वाक्य कागदावर उतरवितांना तें कोठें संपावें हें लेखनिकास जितकें कळतें, तितकें आम्हां प्राध्यापकांस कळत असेलच असें नाहीं.

१९४७ सालीं राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ पडद्यावर आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर व शांताराम ह्यांचें, नायक जयराम शिलेदार, नायिका हंसा वाडकर, संगीत वसंत देसायांचें. कथा, संवाद आणि गीतें माडगूळकरांचीं. विषयाची निवड लक्षांत घेण्यासारखी आहे. रामजोशी हे पेशवाईच्या अखेरीचे सोलापूरचे विद्वान ब्राह्मण. संस्कृत जाणणारे, आणि तरीहि डफ-तुणतुण्याच्या नादानें तमाशाच्या फडांत उतरलेले. ज्या विद्येनें पुराण सांगावयाचें तिनें लावणी रचावी, हें घरच्यांना रुचलें नाहीं. सव्वाशें वर्षांनंतर एक कवि हीच कथा बोलपटासाठीं लिहीत होता, आणि सोंवळ्या वाङ्‌मयाच्या दृष्टीनें बोलपटहि तेव्हां तमाशाहून फार वरचा नव्हता. रामजोशींच्या निमित्तानें माडगूळकरांनीं आपलीच बाजू मांडली असें म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशीं नाहीं. परंतु शाहिरी बाजाचीं तीं गीतें इतक्या सहजतेनें उतरलीं आहेत कीं तो विषय त्यांना परका वाटला नसावा.

पुढें राजा परांजपे दिग्दर्शक, सुधीर फडके संगीतकार आणि माडगूळकर लेखक असें त्रिकूट जमलें. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगांवचे शहाणे’ (दोन्ही १९५२), ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हे बोलपट आमच्या पिढीच्या घरांत आईवडिलांच्या तोंडून ऐकलेले. लाख रुपये ठरीव मुदतींत खर्चून दाखविण्याची अट, एवढ्या एका कल्पनेवर ‘लाखाची गोष्ट’ उभी आहे. पैसे मिळविण्याच्या कथा पुष्कळ. खर्चण्याच्या अडचणीची कथा सुचावयास गरिबीचा अनुभव असलेला विनोदी लेखकच हवा.

परंतु पटकथाकार म्हणून त्यांचें सर्वांत मोठें यश हिंदींतील आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ह्या शांतारामांच्या चित्राची कथा माडगूळकरांची. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून, त्यांच्याच हातांनीं ओसाड जमीन पिकविणाऱ्या एका तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा. हिचें मूळ मुंबईच्या स्टुडिओंत नाहीं. औंध संस्थानांत, आटपाडीनजीक, स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची मुक्त वसाहत १९३९ च्या सुमारास स्थापन झाली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा उदार अधिपति आणि मॉरिस फ्रीडमन हा गांधीजींच्या विचारांनीं भारलेला पोलिश इंजिनियर, ह्यांच्या प्रयत्नांचें तें फळ. माडगूळकरांचें माडगुळें ह्याच आटपाडीच्या परिसरांतलें. जन्मभूमीजवळची खरी हकीकत त्यांनीं उचलली आणि ती बर्लिनपर्यंत पोंचली. १९५८ च्या तेथील महोत्सवांत चित्रास रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. मायदेशीं तर राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालेंच.

ह्या चित्रांतील गीतें मात्र माडगूळकरांचीं नाहींत. तीं भरत व्यासांचीं. ‘नवरंग’ (१९५९) ह्या एका कवीच्याच जीवनावरील चित्राची कथाहि माडगूळकरांची आणि गीतें पुन्हां व्यासांचीं. येथें गडकऱ्यांची आठवण होते. ‘एकच प्याला’चीं पदें गडकऱ्यांचीं नव्हेत, तीं विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं केलेलीं. तरीहि त्या नाटकाच्या गद्यांत गोविंदाग्रज नाहींत, असें कोण म्हणेल? तोच न्याय ‘दो आँखें’ला लावावा. उजाड माळावर राबणारे ते बारा हात आणि त्यांच्यावर रोखलेले दोन डोळे, ही प्रतिमा कवीच्याच डोळ्यांनीं पाहिलेली आहे.

दूर दक्षिण अमेरिकेंत, आर्जेंटिनांत, होमेरो मान्सी (१९०७–१९५१) नांवाचा एक कवि होऊन गेला. त्यानें टँगो ह्या नृत्यसंगीतासाठीं गीतें लिहिलीं, आणि एका सहलेखकासह ‘ला गेर्रा गाउचा’ (१९४२) ह्या स्वातंत्र्ययुद्धावरील प्रसिद्ध चित्राची पटकथाहि लिहिली. त्याचें काव्य मुख्यतः लोकांच्या ओठांवर राहिलें. माडगूळकरांसारखा कवि हा केवळ मराठीचा अपवाद नव्हे, एवढेंच सांगण्यासाठीं हा उल्लेख.

आतां ‘गीतरामायणा’कडे वळूं, कारण माडगूळकर कवि होते हें सिद्ध करावयाचें झालें कीं सर्वजण त्याकडेच बोट दाखवितात, आणि बोलपटाचें लेखन बाजूस ठेवतात. १ एप्रिल १९५५ ह्या रामनवमीच्या दिवशीं पुणें आकाशवाणीवर त्याचा आरंभ झाला. कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड ह्यांची, संगीत सुधीर फडक्यांचें. आठवड्यास एक गीत; त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें बावन्नाऐवजीं छप्पन्न गीतें झालीं.

आमच्या मतें ‘गीतरामायण’ हें बोलपटाच्या शाळेंत शिकलेल्या कवीचेंच काव्य आहे. वाल्मीकींचे सुमारें चोवीस हजार श्लोक. त्यांतून छप्पन्न प्रसंग निवडावयाचे. कोणता प्रसंग दाखवावा, कोणता गृहीत धरावा, कोणता दुसऱ्या कोणाच्या बोलण्यांतून कळवावा, हा सर्व विचार पटकथाकाराचा. प्रत्येक गीत कोणा तरी पात्राच्या तोंडीं आहे. तें पात्र कोणाशीं बोलत आहे आणि नुकतेंच काय घडून गेलें आहे, हें पहिल्या दोन ओळींत ऐकणाऱ्यास उमगतें. निवेदकानें सांगण्याची गरज क्वचितच पडते. बोलपटासाठीं गीत लिहिणारा हेच प्रश्न दिग्दर्शकास विचारून लेखणी उचलतो. आणखी एक गोष्ट. आरंभीं कुश-लव रामापुढें गातात, आणि अगदीं शेवटच्या गीतांत वाल्मीकि त्यांना त्या गायनाचाच उपदेश करतात. म्हणजे कालक्रमानें आधींचा प्रसंग शेवटीं येतो, आणि ऐकणारा पुन्हां पहिल्या गीतापाशीं जाऊन पोंचतो. गायनाची कल्पना वाल्मीकींचीच; पण प्रसंगांची ही उलट मांडणी करण्यांत पडद्यासाठीं लिहिलेला हात स्पष्ट दिसतो.

मानसन्मानांची वाण त्यांना पडली नाहीं. १९६२ पासून बारा वर्षें ते विधानपरिषदेचे सभासद होते. १९६९ सालीं पद्मश्री मिळाली. १९७३ च्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १४ डिसेंबर १९७७ रोजीं ते वारले. त्यांच्याच जिल्ह्यांतील येडेनिपाणीचे पी. सावळाराम (१९१४–१९९७) हे दुसरे असेच कवि; त्यांना तर ठाण्यानें आपलें नगराध्यक्षपदहि दिलें. वसंत प्रभूंच्या चालींवर लता मंगेशकरांनीं गाइलेलीं त्यांचीं गाणीं घरोघर गेलीं. लोकांनीं ह्या दोघांना कधीं दुय्यम मानलें नाहीं. दुय्यम मानलें तें आमच्यासारख्या, कविता शिकविणाऱ्या वर्गानें.

ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, आणि कल्याणचें सार्वजनिक वाचनालय त्याहूनहि जुनें, १८६४ चें. अशा एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालापुढें माडगूळकरांचीं तीन पुस्तकें एकदम ठेवावीं : ‘जोगिया’, चित्रगीतांचा संग्रह ‘चैत्रबन’ आणि ‘तीन चित्रकथा’. पहिलें तो न पाहतां काव्याच्या कपाटांत ठेवील. दुसऱ्यापाशीं क्षणभर घुटमळेल. तिसरें हातांत घेऊन तो बराच वेळ उभा राहील, आणि बहुधा टेबलावरच ठेवून देईल.