पूर्णा-केळणेच्या काठचे मुक्काम

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी आणि तिच्या जाफराबाद तालुक्याचा परिसर हा अजिंठ्याच्या डोंगररांगांतून उतरणाऱ्या पूर्णा, केळणा, जुई अशा नद्यांच्या खोऱ्यात मोडतो. मित्रमंडळींनी तंबू घेऊन नदीकाठच्या एखाद्या उद्यानात हौसेने रात्र काढावी, ही आज ओळखीची झालेली रीत या मुलखात अलीकडची आहे; मुक्काम मात्र फार पुरातन असून तो शतकानुशतके कामाचा, गरजेचा आणि पुष्कळदा जोखमीचा होता. नदीकाठची रात्र हौसेची केव्हा व कशी झाली, हे समजून घ्यायचे तर आधी त्या कामाच्या मुक्कामांकडे पाहावे लागते.

केळणेच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. येथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांच्या शिलालेखांत आढळतात, आणि 1970च्या दशकात तेथे झालेल्या उत्खननातून सातवाहनकालीन व्यापारी नगराचे अवशेष उजेडात आले. पैठणकडून उत्तरेस उज्जैनीकडे जाणाऱ्या व्यापाराशी हे नगर जोडलेले होते. बैलांच्या पाठीवर माल लादून चालणाऱ्या काफिल्याला रोज पाणी, वैरण आणि सरपण या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळणे आवश्यक असे, आणि तशी जागा बहुधा नदीकाठीच सापडत असे.

हीच गरज पुढे बंजारा समाजाच्या तांड्यांनी, म्हणजे नाईकाच्या हुकमतीत कुटुंबकबिल्यासह फिरणाऱ्या वाहतूकदारांच्या समूहांनी, शिस्तीत बसवली. धान्य आणि मीठ वाहणारे हे तांडे मुक्कामी उतरले की गोण्या एकावर एक रचून त्यांचा आडोसा उभारीत, त्यामुळे मालही राखला जाई आणि माणसांनाही संरक्षण मिळे. सैन्यांना रसद पुरवणारेही हेच तांडे असल्याने बंजाऱ्यांचा आणि लष्कराचा मुक्काम यांचा संबंध निकटचा होता.

मराठी लष्कराचा तळ कसा पडे याचे तपशीलवार वर्णन टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने दौलतराव शिंद्यांच्या छावणीत 1809 साली लिहिलेल्या पत्रांत मिळते. बिनीवाले, म्हणजे लष्कराच्या पुढे जाऊन जागा निवडणारे अधिकारी, पहाटेच निघत. मुक्कामाच्या ठिकाणी महाराजांच्या डेऱ्यासाठी पांढरे निशाण रोवले जाई, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक बाजाराचे निशाण त्याच्या अनुरोधाने ठरल्या जागी लागे, जेणेकरून मुलूख बदलला तरी तळाची रचना बदलत नसे आणि प्रत्येकाला आपली पेठ बिनचूक सापडे. ज्या तळाला परके लेखक निव्वळ गर्दी समजत आले, त्याची ही आखणी पाहता त्याला फिरते शहर म्हणणेच न्याय्य ठरते.

असा एक प्रचंड तळ सप्टेंबर 1803मध्ये याच खोऱ्यात पडला होता. शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्रित फौज भोकरदनपासून असईच्या परिसरापर्यंत पसरली होती, आणि केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबाने, म्हणजे दोन प्रवाहांमधील भूभागाने, तिला नैसर्गिक संरक्षण दिले होते. 23 सप्टेंबर रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली तिच्यावर चाल करून समोर येऊन ठेपला तेव्हा वाटाड्यांनी त्याला जवळपास नदी ओलांडण्याजोगा उतार नाही असे सांगितले. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून, इतक्या जवळच्या गावांमध्ये ये-जा असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. वेलस्लीच्या दीड हजारांहून अधिक सैनिकांची हानी करणाऱ्या असईच्या या लढाईचे पारडे अशा रीतीने गावकऱ्यांच्या रोजच्या पायवाटेने फिरवले, ही गोष्ट या खोऱ्याच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

हौसेची परंपरा याहून वेगळी असून ती दिवसाची होती. कार्तिकात, पाऊस सरलेला आणि नद्या अद्याप वाहत्या असताना, आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्या सावलीत सहकुटुंब जेवण्याची आवळीभोजनाची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजून केलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी हा मराठवाड्यातील उघड्यावरच्या पंगतीचा परिचित बेत होय. मात्र दिवस मावळण्यापूर्वी मंडळी घरी परतत; काळोखात नदीकाठी थांबणे हे वाटसरूचे, शिपायाचे किंवा मेंढपाळाचे काम समजले जाई.

रात्र हौसेसाठी मोकळी होण्यास विसाव्या शतकातील शिक्षणविषयक विचार कारणीभूत झाला. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले, त्यातून बालवीर चळवळ उभी राहिली आणि तंबूतील सहजीवन हा मुलांच्या घडणीचा मार्ग मानला जाऊ लागला. भारतात 1969 साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची निवासी शिबिरे खेडोपाडी भरू लागली. शाळेच्या खोल्यांत किंवा मंदिराच्या ओसरीवर मुक्काम, पाळीपाळीने स्वयंपाक, सकाळी श्रमदान आणि रात्री गाणी, असा त्यांचा क्रम असतो. ओढ्याचे पाणी अडवण्यासाठी माती-वाळूने भरलेली पोती रचून बांधला जाणारा वनराई बंधारा हे अशा श्रमदानातील एक नेहमीचे काम असून, मित्रांसोबत घराबाहेर काढलेली पहिली रात्र ग्रामीण मराठवाड्यातील अनेक तरुणांना अशाच शिबिरात लाभली आहे.